घातपात की अपघात? जरा थांबाल का?

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. पान सोडायची घाई होती आणि एका कोपऱ्यात चार ओळींची जागा रिकामी होती. तेवढ्यात कळलं, एका गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाला आग लागलीये. कोणी जखमी नाही, दुकान मात्र खाक. "तू लिही गं पटकन," डेस्कवरचे सर म्हणाले आणि मी लिहिलं. इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात आपली बातमी छापून येणार याचा आनंद काय असतो, ते पत्रकारिता शिकणाऱ्यांनाच कळेल. मग ती चार ओळींची का असेना आणि त्यावर आपलं नाव का नसेना.

त्या चार ओळींतली एक ओळ अशी होती: 'शॉर्टसर्किटमुळे ही आग लागली.'

हे मला कोणी सांगितलं? अग्निशमन दलाच्या माणसाने तर फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "कारण आत्ता सांगता येणार नाही, पंचनामा उद्या होईल." शॉर्टसर्किट हा शब्द आला होता एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तो आधीच तयार होता. आग म्हटली की शॉर्टसर्किट, गाडी उलटली की 'चालकाचा ताबा सुटल्याने'. वाक्यं साच्यातली असतात, आपण फक्त गल्लीचं नाव बदलतो.

चार दिवसांनी ऑफिसच्या रिसेप्शनवर एक मुलगा आला. माझ्याच वयाचा असेल. इलेक्ट्रिशियन. त्या दुकानाचं वायरिंग त्याने दोनच महिन्यांपूर्वी केलं होतं. मोबाइलवर माझ्या बातमीचा स्क्रीनशॉट दाखवत म्हणाला, "ताई, हे तुम्ही लिहिलंय का? अजून पंचनाम्याचा कागद नाही आला, तुम्हाला कसं कळलं?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला उलटं बोलता आलं असतं. त्याच गल्लीतल्या तिघांनी त्याला दिलेलं काम काढून घेतलं होतं. का, तर पेपरात आलंय ना, शॉर्टसर्किट.

मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. उत्तर नव्हतंच. घरी आल्यावर मला सेकंड इयरची नोट आठवली. प्रश्न नेहमीचा, पाच मार्कांचा: 'पीत पत्रकारिता म्हणजे काय? उदाहरणासह लिहा.' उदाहरणही ठरलेलं: मेन नावाची अमेरिकी युद्धनौका बुडाली, पेपरांनी स्पेनवर खापर फोडलं आणि युद्ध पेटलं. पाचपैकी चार मार्क पक्के. मी ते घोकलं होतं, समजून मात्र घेतलं नव्हतं. म्हणून त्या आठवड्यात मी मेनची गोष्ट पुन्हा मुळापासून वाचली. आणि माझं मत झालं, की ही गोष्ट आपल्याला शिकवतात त्यापेक्षा जास्त अवघड आहे आणि जास्त उपयोगाची आहे.

हवानाच्या बंदरातली रात्र

१८९८ साल. क्यूबावर स्पेनचं राज्य होतं आणि १८९५ पासून क्यूबाचे लोक स्वातंत्र्यासाठी लढत होते. हवानात जानेवारीत दंगल झाली. आपल्या नागरिकांच्या सुरक्षेची काळजी म्हणून अमेरिकेने 'मेन' ही युद्धनौका तिथे पाठवली. कागदोपत्री ही मैत्रीची भेट होती. २५ जानेवारीला ती बंदरात आली आणि तीन आठवडे शांतपणे नांगरून उभी राहिली.

१५ फेब्रुवारीच्या रात्री, झोपेचा बिगूल वाजून गेल्यावर, कप्तान चार्ल्स सिग्सबी आपल्या केबिनमध्ये बायकोला पत्र लिहीत बसले होते. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी स्फोट झाला. नौकेचा पुढचा भाग अक्षरशः उडाला. खलाशांची झोपायची जागा पुढे आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या मागे होत्या. त्यामुळे मेले ते बहुतेक सगळे साधे खलाशी. नौकेवर साडेतीनशेच्या आसपास माणसं होती, त्यातली २६० हून अधिक गेली. वाचलेल्यांना पाण्यातून काढायला ज्या होड्या धावल्या, त्यात शेजारच्या स्पॅनिश युद्धनौकेच्याही होत्या.

त्याच रात्री सिग्सबींनी वॉशिंग्टनला तार केली. मेन उडाली, नष्ट झाली, अनेक जखमी, गेलेले बहुधा त्याहूनही जास्त, अशी सगळी माहिती. आणि त्यात एक वाक्य, जे माझ्या मते पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात भिंतीवर लावायला हवं. त्याचा अर्थ असा, की पुढचा अहवाल येईपर्यंत लोकांनी मत बनवणं थांबवावं.

विचार करा. ज्याची नौका डोळ्यांसमोर बुडाली, ज्याची माणसं गेली, ज्याला चिडायचा पहिला हक्क होता, तो माणूस सांगतोय की थांबा.

दोन दिवसांत निकाल

थांबलं कोण? न्यूयॉर्कमध्ये तेव्हा विल्यम रँडॉल्फ हर्स्टचा 'जर्नल' आणि जोसेफ पुलित्झरचा 'वर्ल्ड' यांच्यात खपाची लढाई जोरात होती. 'पीत पत्रकारिता' हे नावही या दोघांच्या भांडणातून आलं. पिवळा डगला घातलेल्या पोराचं एक कार्टून दोघांनाही आपल्याच पेपरात हवं होतं, त्यावरून.

स्फोटानंतर दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, 'जर्नल'ने पहिल्या पानावर जाहीर केलं की हे शत्रूचंच काम आहे. सोबत चित्र: नौकेखाली पाणसुरुंग आणि तिथून किनाऱ्याकडे गेलेल्या तारा. जणू चित्रकार त्या रात्री पाण्याखाली बसून स्केच काढत होता! गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५० हजार डॉलरचं बक्षीसही लावलं. तेव्हा अमेरिकी चौकशी मंडळ हवानात पोचलेलंही नव्हतं.

'वर्ल्ड'ने त्या दिवशी जे केलं ते मला जास्त ओळखीचं वाटलं. त्यांनी मथळ्यात विचारलं, मेनचा स्फोट बाँबने झाला की टॉर्पेडोने? शेवटी प्रश्नचिन्ह होतं. म्हणजे आम्ही काही म्हटलंच नाही, फक्त विचारलं. पण नीट बघा, पर्याय दोनच दिलेत आणि दोन्ही घातपाताचे. अपघात हा पर्याय प्रश्नातूनच गायब केलाय.

आपल्या चॅनेलवरचे मथळे आठवा. 'घातपात की अपघात?' त्यात निदान दोन पर्याय तरी असतात! पण मागे वाजणारं म्युझिक, लाल गोल आणि बाण, अँकरचा चेहरा यावरून उत्तर कोणतं हवंय ते आपल्याला कळतंच. रील बनवणारे तर त्याच्याही पुढे. 'यामागे कोणाचा हात? सांगा कमेंटमध्ये.' प्रश्नचिन्ह हे जबाबदारी झटकायचं सगळ्यात स्वस्त साधन झालंय. आणि ते १८९८ मध्येही होतं, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं आणि जरा वाईटही.

चार चौकश्या, वेगवेगळी उत्तरं

आता मुख्य मुद्दा. मेन बुडाली कशाने?

पहिली चौकशी अमेरिकी नौदलाची, कप्तान विल्यम सॅम्पसन यांच्या अध्यक्षतेखाली. स्पेनने एकत्र चौकशी करू असा प्रस्ताव दिला होता, अमेरिकेने तो नाकारला. चार आठवडे हवानात जबाब घेतले गेले. गढूळ पाण्यात पाणबुडे उतरले आणि हाताने चाचपून वर येऊन सांगू लागले. त्यांना दिसलं की नौकेचा कणा, म्हणजे तळातली मुख्य तुळई, एका जागी उलट्या 'व्ही'सारखी वर वाकलीये. वर वाकली म्हणजे खालून धक्का बसला, असा मंडळाने अर्थ लावला. निष्कर्ष काढला की बाहेरून पाणसुरुंग फुटला आणि त्यामुळे आतल्या दारूगोळ्याच्या कोठारांचा स्फोट झाला.

पण त्याच अहवालात आणखी एक वाक्य होतं. कोणाही व्यक्तीवर याची जबाबदारी टाकता येईल असा पुरावा मिळाला नाही. म्हणजे सुरुंग असेल, पण कोणाचा ते माहीत नाही. स्पॅनिश सरकारचा? एखाद्या माथेफिरूचा? की अमेरिकेने युद्धात उतरावं असं ज्यांना वाटत होतं, त्या क्यूबन बंडखोरांचा? मंडळाने नाव घेतलं नाही. लोकांनी मात्र पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडून दिलं. घोषणा झाली, 'मेन लक्षात ठेवा', आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागात स्पेनला नरकात पाठवलं गेलं.

दुसरी चौकशी स्पॅनिश अधिकाऱ्यांनी केली. त्यांना बुडालेल्या नौकेजवळ नीट जाऊच दिलं गेलं नाही. म्हणून त्यांनी साधे प्रश्न विचारले आणि ते प्रश्न फार चांगले होते. पाण्यात सुरुंग फुटला तर पाण्याचा खांब उसळतो, तो कोणी पाहिला का? बंदरात मेलेले मासे तरंगताना दिसले का? सुरुंग किनाऱ्यावरून उडवला असेल तर त्याची वायर कुठंय? खांब नाही, मासे नाहीत, वायर नाही. मग स्फोट आतूनच झाला असणार. या अहवालाकडे अमेरिकेत फारसं कोणी लक्ष दिलं नाही. आरोपीच्या वकिलाचं कोण ऐकतो?

खुद्द अमेरिकी नौदलातही हेच म्हणणारे होते. फिलिप अॅल्जर हे दारूगोळ्याचे जाणकार. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एका पेपरला सांगितलं होतं, की हा कोठाराचा अपघात असावा. नौदलाचे मुख्य अभियंता जॉर्ज मेलव्हिल यांनाही तसंच वाटत होतं. चौकशी मंडळाने या दोघांना साक्षीला बोलावलंच नाही. उलट तेव्हाचे नौदलाचे सहायक सचिव थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, ते अॅल्जरवर नाराज झाले. रूझवेल्टनी तर स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी एका पत्रात हे स्पॅनिश दगाबाजीचं काम आहे असं लिहून टाकलं होतं. निकाल आधी, चौकशी नंतर.

तिसरी चौकशी १९११ मध्ये. तोवर मेन हवानाच्या गाळातच रुतून होती, तेरा वर्षं! शेवटी नौकेभोवती पोलादी बांध घालून आतलं पाणी उपसलं. पहिल्यांदाच सगळं कोरड्यात दिसलं. आत अजूनही खलाशांचे अवशेष होते. नव्या मंडळाने म्हटलं, सॅम्पसन मंडळ ज्या वाकलेल्या कण्यावर विसंबलं, तो कणा आतल्या कोठाराच्या स्फोटानेच वाकला. पण मागच्या बाजूला तळाचा एक पत्रा आत वळलेला दिसतो, म्हणजे सुरुंग तिथे फुटला असावा. गंमत बघा. उत्तर तेच, पुरावा बदललेला. मग १९१२ मध्ये उरलेलं धूड खोल समुद्रात नेऊन बुडवून टाकलं. अवशेष सन्मानाने आर्लिंग्टनला पुरले गेले, हे योग्यच झालं. पण तपासायची वस्तू मात्र कायमची हातातून गेली.

चौथी चौकशी सगळ्यात भारी. अॅडमिरल हायमन रिकोव्हर, अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक मानले जातात ते, यांनी १९७४ मध्ये वर्तमानपत्रात मेनवरचा एक लेख वाचला. म्हणजे एका पेपरने घाईत निकाल लावला आणि ७६ वर्षांनी दुसऱ्या पेपरातल्या लेखाने केस पुन्हा उघडली. हे वाचून मला आमच्या धंद्याबद्दल जरा आशा वाटली. रिकोव्हरनी पाण्याखालच्या स्फोटांचे तज्ज्ञ गोळा केले, १९११ चे फोटो आणि नकाशे त्यांच्यापुढे ठेवले. १९७६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. निष्कर्ष: सुरुंगाने पत्रा जसा फाटतो तशा खुणा इथे दिसत नाहीत. बहुधा कोळशाच्या कोठारात आग धुमसत होती, लगतची पोलादी भिंत तापली आणि भिंतीपलीकडे होता दारूगोळा.

कोळसा आपोआप पेटतो? हो. त्या काळातल्या युद्धनौका कोळशावर चालायच्या आणि मेनमधला कोळसा लवकर धग धरणाऱ्या जातीचा होता. असा कोळसा बंद जागेत साठवला तर आतल्या आत तापत जातो, धूर यायच्या आधी काही कळत नाही. त्या वर्षांत इतर अमेरिकी युद्धनौकांवरही कोळशाच्या कोठारात आगी लागल्या होत्या. म्हणजे धोका माहीत होता. पण कोळशाचं कोठार दारूगोळ्याला चिकटून का ठेवलं, हा प्रश्न विचारायचा तर आपल्याच नौदलाला विचारावा लागतो. शत्रूला विचारणं सोपं असतं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण १९९८ मध्ये, शंभरी निमित्ताने, 'नॅशनल जिओग्राफिक'ने कॉम्प्युटर मॉडेल करून घेतलं. त्यात निघालं की कोळशाची आग हे कारण शक्य आहे आणि सुरुंगही शक्य आहे, किंबहुना सुरुंगाची शक्यता मधल्या काळात समजली गेली त्यापेक्षा जास्त आहे. त्यावर तज्ज्ञांचं आपसात एकमत झालं नाही. आजही नाही. बरेच अभ्यासक अपघाताच्या बाजूने आहेत, पण केस पूर्ण बंद झालेली नाही.

मग पेपरांनीच युद्ध लावलं का?

आता स्वतःच्या नोट्सकडे वळते. १८९८ च्या २५ एप्रिलला अमेरिकेने युद्ध जाहीर केलं. ऑगस्टमध्ये लढाई थांबली. डिसेंबरच्या तहात स्पेनने क्यूबा सोडलं आणि प्वेर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स अमेरिकेच्या हातात गेले. फिलिपिन्सच्या लोकांना स्वातंत्र्य हवं होतं, तर तिथे वर्षभरात नवं युद्ध सुरू झालं आणि सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त सामान्य माणसं त्यात मेली. हवानाच्या बंदरातला एक स्फोट, ज्याचं कारण ठरलेलं नव्हतं, कुठल्या कुठे पोचला.

पण 'हर्स्टने युद्ध लावलं' हे आमचं पाच मार्कांचं वाक्य? तेही घाईचंच आहे. क्यूबात स्पेनने गावंच्या गावं उचलून छावण्यांत कोंबली होती, भुकेने आणि रोगाने माणसं मरत होती, हे खरं होतं. स्पेनच्या राजदूताने अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना नावं ठेवणारं पत्र लिहिलेलं स्फोटाच्या आठवडाभर आधीच फुटलं होतं. मार्चमध्ये रेडफील्ड प्रॉक्टर नावाच्या सिनेटरने क्यूबा पाहून येऊन संसदेत शांतपणे वर्णन केलं, त्याचाही मोठा परिणाम झाला. साखरेचे मळे होते, राजकारण होतं. सगळे पेपरही काही पेटलेले नव्हते. न्यूयॉर्कच्याच 'इव्हनिंग पोस्ट'चे संपादक गॉडकिन या पिवळ्या पेपरांना सडकून झोडपत होते. कारणं अनेक होती, पेपर त्यातलं एक.

आणि तो प्रसिद्ध किस्सा? हर्स्टने क्यूबात गेलेल्या चित्रकार रेमिंग्टनला तार केली की तू चित्रं पाठव, युद्ध मी देतो. आमच्या वर्गात हा किस्सा सांगितला की सगळे हसतात. तो जेम्स क्रीलमन नावाच्या पत्रकाराने १९०१ च्या पुस्तकात सांगितलाय. ती तार कधी कोणाला सापडली नाही, हर्स्टने ती नाकारली. किस्सा १८९७ चा, मेनच्या एक वर्ष आधीचा आणि तेव्हा क्यूबात युद्ध चालूच होतं. म्हणजे खोट्या बातमीचे दुष्परिणाम शिकवायला आपण जो किस्सा वापरतो, तोच बहुधा खरा नाही! छान वाटतो म्हणून आपण तपासत नाही. मी पण परीक्षेत लिहिला होता. मार्कही मिळाले.

थांबणं म्हणजे गप्प बसणं नव्हे

हे सगळं मी वर्गमित्रांना सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "तू थांब, दुसरा छापेल. मग तुझी चौकशी संपेपर्यंत तुझा पेपर बंद." मुद्दा खरा आहे. दुसरी मैत्रीण म्हणाली, "थांबा म्हणणारे नेहमी सरकारी असतात. 'चौकशी सुरू आहे' या वाक्याखाली किती प्रकरणं गाडली गेलीत ते बघ." हा मुद्दा तर जास्तच खरा आहे. मला त्यावर दोन दिवस विचार करावा लागला.

माझं म्हणणं असं आहे. बातमी थांबवू नका, निकाल थांबवा. सिग्सबींच्या तारेत बातमी पूर्ण होती. काय झालं, कधी, माणसं गेली, कोण मदतीला आलं. नव्हता फक्त निकाल. माझ्या चार ओळींतही हे जमलं असतं. 'आगीचं कारण समजलेलं नाही, पंचनामा उद्या होणार आहे,' हे 'शॉर्टसर्किटमुळे'पेक्षा फक्त काही शब्दांनी मोठं आहे. जागा होती. मला वाटलं, कारण नसलेली बातमी अर्धी दिसेल, सर म्हणतील, "कारण विचारलंस का?" मला अडाणी दिसायचं नव्हतं. मला वाटतं बऱ्याच चुकीच्या बातम्या अशाच होतात. त्यात हर्स्टसारखा कोणी खलनायक नसतो, 'माहीत नाही' म्हणायला लाजणारी माझ्यासारखी कोणीतरी असते.

आणि चौकशी गाडली जाते त्याचं काय? त्याला उपाय घाईचा निकाल नाहीच. उलट पहिल्या दिवशी निकाल लावून टाकला की पुढे कोणी विचारत नाही, सगळ्यांना वाटतं उत्तर मिळालंय. गाडणाऱ्यांची सोयच होते. 'कळलेलं नाही' असं छापलं की ते वाक्य पेपरच्या गळ्यात पडतं. आठ दिवसांनी परत जाऊन विचारावं लागतं, कळलं का? नाही? का नाही? साक्षीला कोणाला बोलावलं? कोणाला नाही बोलावलं? मेनच्या बाबतीत मेलेल्या माशांचा प्रश्न पहिल्या महिन्यात न्यूयॉर्कच्या एखाद्या मोठ्या पेपरने लावून धरला असता तर? युद्ध टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण कोळसा आणि दारूगोळा शेजारी ठेवणाऱ्यांना तेव्हाच उत्तर द्यावं लागलं असतं. २६० खलाशांच्या घरच्यांचा तेवढा हक्क होता.

म्हणून आपल्यासाठी, म्हणजे जे उद्या बातम्या लिहिणार आहेत आणि जे आज फॉरवर्ड करतायत त्या सगळ्यांसाठी, मी वहीत तीन रकाने आखलेत. काय झालं. कोण म्हणतंय. अजून काय कळायचंय. तिसरा रकाना रिकामा दिसला की समजायचं, आपण काहीतरी गाळलंय. फॉरवर्ड करतानाही हे चालतं. दहा सेकंद लागतात.

आता त्या इलेक्ट्रिशियनचं सांगते. मी अग्निशमन केंद्रात दोनदा गेले. नोंदीत कारणापुढे लिहिलंय, 'निश्चित नाही'. तेवढंच. दोष त्याच्या वायरिंगचा होता का? असेलही, नसेलही. सरांना सगळं सांगितलं. ओरडले, आणि मग दोन ओळींचा खुलासा लावला. मी त्याला फोटो पाठवला. त्याचा मेसेज आला, "थँक्यू ताई." थोड्या वेळाने आणखी एक: "पण पहिल्या बातमीचा स्क्रीनशॉट आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला होता. हा कोणीच टाकला नाही. मी टाकला तर कसं दिसेल?"

त्याला काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.